दगड घरात आला

घरात धारेचा दगड आणायचा नाही, असं कोणी कधी ठरवलं नव्हतं. तो नुसता येत नव्हता. बाबांचा डावा डोळा गेला त्या वर्षी काकांनी वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं ग्राइंडर उचलून भंगारात दिलं आणि तेव्हापासून लोखंड घडवायच्या लेथची हत्यारं धार लावायला दोन गल्ल्या ओलांडून जायला लागली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही त्यांच्याबरोबर जायच्या. कोणी विचारलंच तर काकू म्हणायची, "आमच्याकडे सगळी धार जिभेला. बाकीची बाहेरून लावून आणतो." लोक हसायचे आणि विषय तिथेच मिटायचा.

त्या रविवारी जेवणं उरकत आली होती. सकाळचं धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं. खिडकीबाहेर रस्ता नव्हता, समोरची घरं नव्हती. पांढरं काहीतरी काचेला टेकून उभं होतं आणि घर कुठेतरी सुटून हळूहळू वाहत निघाल्यासारखं वाटत होतं. अशा धुक्यातून घरची लेक फिरकी आली आणि तिने उष्ट्या ताटांच्या मधोमध एक लाकडी पेटी ठेवली.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"लेथला लावायचं ग्राइंडर," फिरकी म्हणाली. "जुनं आहे, पण नीट ठेवलेलं आहे."

काकांचा घास हातातच राहिला. काकूने पाण्याचं भांडं उचललं आणि उगाच परत ठेवलं. बाबा संत्रं सोलत होते, ते सोलत राहिले.

रस्ताभर फिरकीने या घटकेची तयारी केली होती. सूतगिरणीच्या मॅनेजरचं बोलणं ती शब्द न् शब्द सांगणार होती. गिरणीच्या स्पिंडल, म्हणजे सुताच्या कांड्या ज्यांवर फिरतात त्या बारीक दांड्या, ती लेथवर घडवून द्यायची, मग त्यांना पाणी देऊन कडक केलं जायचं आणि शेवटचं घासकाम दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये व्हायचं. कारण कडक झालेलं पोलाद हत्याराला दाद देत नाही, त्याला दगडच लागतो. आता मॅनेजर म्हणत होता की एकाच ठिकाणी काय ते पुरं करून द्या, नाहीतर सगळं काम तिकडेच जाईल. गिरणी गेली की वर्कशॉपला कुलूप, हे कोणी सांगायला नको होतं. पण टेबलाशी उभी राहिल्यावर तिला त्यातलं काहीच आठवेना. डोळ्यांसमोर आली ती फक्त ग्राइंडर विकणाऱ्या म्हाताऱ्याची खोली.

मापयंत्रं दुरुस्त करणारा तो म्हातारा तीन जिने वर राहायचा आणि आता मुलीकडे राहायला निघाला होता. खोलीतल्या निम्म्या वस्तूंवर पांढऱ्या चादरी होत्या. त्याने ग्राइंडर खिडकीपाशी बाकावर घट्ट बसवलं, तेलाच्या वाटीचं इवलंसं झाकण उघडून दोन थेंब सोडले आणि बटण दाबलं. आधी डासासारखा, मग दूर कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आवाज खोलीभर पसरला. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला. फिरकीही. बंद करायचं दोघांच्याही लक्षात येईना. पैसे दिल्यावर ती ते पिशवीत टाकायला लागली, तेव्हा त्याने आतून ही पेटी आणली. आत हिरवट मखमल होती आणि प्रत्येक भागासाठी त्याच्याच आकाराचा खड्डा. "पेटीही ने," तो म्हणाला. "हिच्याशिवाय झोप नाही लागायची त्याला."

"दगड आहे त्यात?" आई विचारत होती.

"लहान आहेत गं."

"लहान-मोठं मी विचारलं नाही."

"आहेत."

"न विचारता आणलंस," काका म्हणाले. फिरकी हे नाव त्यांनीच ठेवलेलं; चालायला लागल्यापासून पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून. त्यांचे गुडघे गेल्यापासून लेथवर तीच उभी राहायची आणि ते तिच्या कामावर कधी बोट ठेवत नसत. आज त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, काका."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं तुला."

"मला विचारलं होतं तिने," काकू मध्येच म्हणाली. "मी म्हटलं, बघून तर ये."

आईने मान वळवून जावेकडे पाहिलं. एका ओट्याशी दोघींनी इतकी वर्षं काढली होती. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा हीच बाई रोज डबा घेऊन यायची आणि आईने दोन घास खाल्ल्याशिवाय उठायची नाही.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

काकूने ताटं गोळा करायला घेतली. वाट्या एकमेकींवर आपटल्या.

"ते उचल आणि ज्याचं त्याला देऊन ये," आई फिरकीला म्हणाली. "आत्ता. धुकं-बिकं काही सांगू नकोस."

"तो माणूस उद्या गाव सोडतोय, आई. त्याची खोली रिकामी झाली."

"मग भंगारात दे. दादा, तुम्ही सांगा तिला. तुम्हीच दिलं होतंत ना तेव्हा?"

संत्र्याच्या साली ताटात नीट रचून ठेवून बाबांनी हात पुसले. मग त्यांनी पेटीची कडी उघडली.

*

काकांना वाटत होतं, आपला धाकटा भाऊ आता पेटी बंद करेल आणि उठून जाईल. तो कायम असंच करायचा. अपघातानंतर वर्कशॉपमध्ये तो यायचा, पण दाराजवळच्या टेबलापर्यंत. तयार माल मोजायचा, पुसायचा, तेल लावून कागदात गुंडाळायचा. लेथपाशी कधी आला नाही आणि काकांनीही कधी ये म्हटलं नाही. म्हणायचं कसं? त्या दिवशी ग्राइंडर दोघांचं होतं, काम दोघांचं होतं; काका फक्त फोन घ्यायला बाहेर गेले होते. परत येईपर्यंत दगड फुटून सगळं होऊन गेलं होतं. नवा दगड चढवायच्या आधी वाजवून बघायचा असतो. चिरलेला दगड बद्द वाजतो. घाईत ते राहून गेलं असणार आणि आपण तिथे असतो तर आठवण केली असती, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. कित्येकदा पहाटेच्या अर्धवट झोपेत ते त्या दारातून पुन्हा आत यायचे, यावेळी वेळेवर, आणि "अरे, वाजवलास का?" एवढंच म्हणायचे. तेवढ्यात जाग यायची.

बाबांनी पेटीतून पहिला दगड काढला. कागदात गुंडाळलेला, करड्या रंगाचा, मध्ये भोक. भोकात एक बोट घालून त्यांनी तो लटकता धरला आणि दुसऱ्या हाताने चमचा शोधायला लागले.

"धातूचा नको," काका नकळत बोलून गेले. "लाकडी काहीतरी घे."

काकूने ओट्यावरची लाकडी पळी पुढे केली. बाबांनी दगडाच्या कडेला हलकीच टिचकी मारली.

टिंग.

आवाज लहानसाच होता, पण स्वच्छ. तो टेबलावरून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि बाहेरच्या पांढऱ्यात विरून गेल्यासारखा वाटला. बाबांनी दगड थोडा फिरवला, पुन्हा वाजवला. पुन्हा तसाच.

"हा जिवंत आहे," ते म्हणाले.

*

आई खुर्चीवरून उठली नव्हती. उठायचं तिने ठरवलं होतं. पण ती नवऱ्याचे हात पाहत राहिली. हे हात रोज तिच्या ओळखीचे होते, बटणं लावणारे, कागद गुंडाळणारे. आत्ताचे वेगळे होते. लग्नानंतर पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये जेवायला बोलवायला गेली होती तेव्हा पाहिलेले. इतकी वर्षं हे कुठे होते, असं तिला वाटलं आणि आपण हे असं आश्चर्य करत बसलो आहोत याचा रागही आला.

दुसरा दगडही छान वाजला. तिसरा वाजवला आणि बाबांनी भुवई उचलली.

"ऐक," ते तिला म्हणाले. फिरकीला नाही, काकांना नाही. "हा ऐक."

ठक.

"आणि हा."

टिंग.

"कळतोय फरक?"

"कळतोय," ती म्हणाली. न कळायला काय झालं होतं.

"हा मेलेला. वरून काही दिसत नाही. फिरकी, हा बाहेर ठेव, नंतर फोडून टाकू. चुकून कोणी लावायला नको."

मग आईने विचारलं. विचारायचं म्हणून नाही. ते कधीचं मनात होतं, ते आपणच बाहेर पडलं. "त्या दिवशीचा वाजवला होता तुम्ही?"

काकांनी मान खाली घातली.

"वाजवला होता," बाबा म्हणाले. "दोनदा. चांगला वाजला होता."

काकांनी वर पाहिलं. "वाजवला होतास?"

"हो रे दादा. न वाजवता कधी चढवला होता मी?"

"मला वाटलं..." काका थांबले. "मला वाटायचं, घाईत राहिलं."

"मग तू विचारायचंस की."

त्यावर काका हसल्यासारखं काहीतरी करून खिडकीकडे वळले. काकूने ताटं ठेवून दिली आणि ती जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"मग वाजवून उपयोग काय?" आई म्हणाली. "चांगला वाजूनही फुटलाच ना. आणि आता ही पोरगी रोज त्याच्यासमोर उभी राहणार. तुमचं मला कळत नाही. तुमचाच डोळा गेला आणि तुम्हीच वाजवत बसलात."

"बरोबर आहे हिचं म्हणणं," काकू हळूच म्हणाली. मघापर्यंत ती फिरकीच्या बाजूची होती. "गिरणीचं काम गेलं तर दुसरं बघू. हिला त्रास होणार असेल तर नको ते."

फिरकीला वाटलं, संपलं. तिने पेटीकडे हात नेला. बाबांनी तो धरून थांबवला.

"फुटणारच नाही, असं मी सांगणार नाही," ते आईला म्हणाले. "पण तो दगड जेवणाच्या ताटाएवढा होता आणि वरचं झाकण आम्ही काढून ठेवलं होतं, घासायचा जॉब आत जाईना म्हणून. मी नेमका त्याच्यासमोर उभा होतो. हा बिस्किटाएवढा आहे. याला पुरतं झाकण आहे. ही बाजूला उभी राहील, डोळ्यांवर गॉगल लावेल. आणि पहिल्यांदा मी लावून देईन. तू तिथे ये. बघ. तुला नको वाटलं तर मी स्वतः नेऊन टाकतो ते नदीत. परत बोलणार नाही कोणी."

"तुम्ही लावून देणार?"

"मी."

आईने काकांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं अशी तिची अपेक्षा होती. घरात दगडाच्या बाबतीत ते दोघं नेहमी एका बाजूला असायचे.

"त्याला लावू दे," काका म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर. दोघं दारात उभे राहू."

*

वर्कशॉप घराच्या मागेच होतं, पण त्या दिवशी अंगण ओलांडायला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. धुक्यात एकमेकांचे खांदे दिसत होते, पाय दिसत नव्हते. आत गेल्यावर तेलाचा आणि थंड लोखंडाचा ओळखीचा वास आला. फिरकीने दिवा लावला.

लेथच्या बेडवर, खालच्या लोखंडी पट्ट्यांवर, कापड घालायला हवं होतं. दगडाची कणी त्या गुळगुळीत पट्ट्यांवर पडली तर लेथच हळूहळू झिजून जाते. फिरकी फडकी शोधत होती, पण सगळी तेलकट आणि तोकडी. आई काही न बोलता परत गेली आणि एक जुनी चादर घेऊन आली. चारपदरी घडी घालून तिने ती लेथवर पसरली, कडा खोचल्या, बाळाचं अंथरूण करावं तशी. मग दारात जाऊन काकांजवळ उभी राहिली. काकूने सगळ्यांना गॉगल आणून दिले आणि स्वतःही एक लावला.

बाबांनी ग्राइंडर लेथच्या टूलपोस्टवर, म्हणजे एरवी हत्यार बसतं त्या जागी, बसवलं. उंची जुळवली. दगड चढवला, दोन्ही बाजूंना कागदी चकत्या घालून नट आवळला, झाकण लावलं. हे सगळं करताना ते बोलले नाहीत आणि फिरकीनेही विचारलं नाही. ती फक्त पाहत होती. गिरणीची एक कडक स्पिंडल तिने लेथच्या दोन सेंटरच्या, म्हणजे समोरासमोरच्या टोकांच्या, मध्ये अडकवली.

"बाजूला," बाबा म्हणाले. सगळे बाजूला झाले. त्यांनी बटण दाबलं.

दगडाची ती गुणगुण सुरू झाली. चढत गेली, एका जागी येऊन थांबली. फुटायचाच तर आत्ता फुटावा म्हणून बाबांनी बराच वेळ दगड मोकळा फिरू दिला. आईने दाराची चौकट धरली होती. तिला पूर्वीचा आवाज आठवायचा होता, तो आठवेना. तो खरखरीत होता, एवढंच. हा अंगाईच्या शेवटी शब्द संपून नुसता सूर उरतो, तसा होता.

मग हिऱ्याची बारीक टोच दगडावरून फिरवून बाबांनी त्याला सरळ केलं आणि लेथ सुरू केली. स्पिंडल सावकाश फिरायला लागली. हँडल त्यांनी फिरकीच्या हातात दिलं.

"हळू आण. डोळ्याने बघू नकोस, कानाने बघ. टेकला की कळेल."

फिरकीने दगड पुढे आणला. केसभर, अजून केसभर. गुणगुणीत एक कुजबुज मिसळली आणि लगेच लालसर ठिणग्यांचं एक बारीक पीस खाली झुकत गेलं. चादरीवर पोचायच्या आधीच त्या विझत होत्या.

बाबांना वाटलं होतं, पहिली ठिणगी दिसली की आपण मागे सरकू. त्याची त्यांनी तयारी ठेवली होती. ते मागे सरकले नाहीत. उरलेल्या डोळ्याने ते बघत होते आणि त्यांना वाटलं, हे किती सुंदर असतं हे आपण विसरूनच गेलो होतो. काम करताना मान कशी कलती होते, श्वास कसा आपोआप लहान होतो. पोरीची मानही तशीच कलली होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

"आता पुढे सरकवू नकोस," ते म्हणाले. "नुसती ने-आण कर. ठिणग्या आपोआप संपतील. संपल्या की जॉब झाला."

फिरकीने दगड डावीकडे नेला, उजवीकडे आणला. ठिणग्या विरळ झाल्या. तुरळक झाल्या. एक आली, मग बराच वेळ एकही नाही, मग चुकार अशी एक. त्यानंतर फक्त सूर राहिला. तिने दगड मागे घेतला आणि बटण बंद केलं.

"थांबेपर्यंत हलायचं नाही कोणी," बाबा म्हणाले.

दगड थांबायला वेळ लागला. सूर खाली उतरत होता, उतरता उतरता इतका हलका झाला की संपला की नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं. काका, काकू, आई, सगळे आपापल्या जागी. धुकं दारातून थोडं आत आलं होतं आणि दिव्याभोवती तरंगत होतं.

पहिली हलली ती आई. लेथपाशी येऊन तिने स्पिंडलवर बोट ठेवलं. पोलाद कोमट होतं आणि इतकं गुळगुळीत की बोट कशाला टेकलंय हे कळू नये.

"अशा किती करायच्यात?" तिने विचारलं.

"गिरणीच्या? पुष्कळ. उद्या सकाळी सुरू करेन." फिरकी म्हणाली. "तू म्हणशील तर."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या गालावर काळ्या कणीची एक बारीक रेघ होती. ती पुसायला तिने हात उचलला आणि मग राहू दिली.

"मला हाक मारायची," ती फिरकीला म्हणाली. "मी येऊन उभी राहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"रोज?"

"रोज."

"आणि सकाळचा स्वयंपाक?" काकूने विचारलं.

"तुम्ही आहात की, ताई," आई म्हणाली आणि चहा ठेवायला म्हणून अंगणात उतरली. डोळ्यांवरचा गॉगल काढायचा राहिलाच होता. तो तसाच लावून ती धुक्यातून घराकडे चालत गेली.